आरे स्थानकात चढणारी मी, ‘आरे वाचवा’ म्हणणारीही मीच

गोरेगावकरीण

गेल्या महिन्यापासून मी भुयारी मेट्रोनं कामाला जाते. रिक्षानं आरे-जेव्हीएलआर, तिथून थेट चर्चगेट. बसायला जागा मिळते, साडी चुरगळत नाही, डब्यातली आमटी डब्यातच राहते. पहिल्याच आठवड्यात ऑफिसमधल्या मैत्रिणीनं गाठलं, “काय गं, तू तर आरे वाचवावाली ना?” मी हसून काहीतरी उत्तर दिलं. ते मलाच पटलं नाही, म्हणून हा धागा.

आधी माझी बाजू सांगते. आम्ही गोरेगाव पूर्वेचे. लहानपणी सकाळी काचेच्या बाटल्यांची जाळी आणि कार्ड घेऊन आरेच्या दूध केंद्रावर रांगेत उभं राहायचं काम माझ्याकडे होतं. शाळेची सहल दरवर्षी कुठे? आरेतल्याच छोटा काश्मीर बागेत. पुन्हा दरवर्षी छोटा काश्मीर. ही वसाहत १९४९ साली वसवली, शहरातले गोठे बाहेर काढून म्हशी एका जागी आणायला. बाराशे हेक्टरांहून मोठी जागा, लागूनच राष्ट्रीय उद्यान. मिठी आणि ओशिवरा या नद्यांना तिथूनही पाणी येतं. आमच्यासाठी मात्र ते फक्त ‘आरे’ होतं. जंगल म्हणायचं हे आम्हाला नंतर कळलं.

२०१४ मध्ये तिथे मेट्रो-३ ची, म्हणजे याच भुयारी मेट्रोची, कारशेड येणार असं कळलं आणि आम्ही रविवारी जमायला लागलो. घोषणा साधी होती: मेट्रो हवी, कारशेड इथे नको. पहिले दोन शब्द पुढे सगळेच विसरले. विरोधक विसरले, वाहिन्या विसरल्या, आणि खरं सांगायचं तर आमच्यातलेही काही जण विसरले. मागणी ३३ हेक्टरांपुरती होती. गाड्या रात्री उभ्या करायच्या, धुवायच्या, दुरुस्त करायच्या, ती जागा दुसरीकडे न्या, एवढंच.

४ ऑक्टोबर २०१९, शुक्रवार. उच्च न्यायालयानं कारशेडविरुद्धच्या चारही याचिका फेटाळल्या. नवरात्र चालू होतं. आमच्या कॉलनीत गरब्याचा स्पीकर चालू असतानाच मोबाइलवर व्हिडिओ यायला लागले, दिव्यांच्या झोतात झाडं पडतायत. ओढण्या सावरत आम्ही चौघी तशाच निघालो. आत कुणी सोडलं नाही. बाहेर उभं राहून आवाज ऐकला. करवतीचा आवाज सुरुवातीला चिरका असतो. पातं खोडाच्या गाभ्यात शिरलं की तो जाडा होतो, गुदमरल्यासारखा. मग करवत थांबते आणि मधले दोन-तीन श्वास काहीच ऐकू येत नाही. त्यानंतर फांद्यांचा सळसळाट, आणि पुन्हा चिरका आवाज. किती झाडं पडली ते आम्ही मोजलं नाही. आकडा नंतर कोर्टात कळला, २,१४१. दुसऱ्या दिवशी जमावबंदी लागली, २९ जणांना अटक झाली. सोमवारी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, सर्वोच्च न्यायालयानं सुट्टीत खास बसून तोड थांबवली. एका विधी विद्यार्थ्याच्या पत्रावर. पण तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

दसऱ्याला सासूबाई म्हणाल्या, “यंदा झाडं ओरबाडून आणलेलं सोनं नको.” तेव्हापासून आमच्याकडे दसऱ्याला पेढा देतात.

पुढचं राजकारण सगळ्यांना माहीत आहे, थोडक्यात लिहिते. नोव्हेंबर २०१९ मध्ये नव्या सरकारनं कामाला स्थगिती दिली, २०२० मध्ये कारशेड कांजूरमार्गला न्यायचं ठरलं, डिसेंबरात ते हायकोर्टात अडलं, २०२२ मध्ये सरकार बदललं आणि कारशेड परत आरेत. ऑक्टोबर २०२४ ला मेट्रोचा पहिला टप्पा सुरू झाला, ऑक्टोबर २०२५ मध्ये ती कफ परेडपर्यंत गेली.

तर प्रश्न असा. आम्ही हरलो का? आणि हरलो असलो, तर नेमके कुठे हरलो? सहानुभूती नकोय. ज्यांनी अशी कामं केली आहेत त्यांनी लिहा.

कल्याणचा_चाकरमानी

ताई, प्रामाणिकपणे लिहिलंत, आवडलं. आता मी पण प्रामाणिकपणे लिहितो, रागावू नका.

मी बावीस वर्षं सकाळची ७:१४ पकडतोय. दारात लटकून. मुंबईच्या रुळांवर दरवर्षी दोन हजारांवर माणसं मरतात, त्यांच्यासाठी कुणी मानवी साखळी केलेली मला आठवत नाही. हा प्रकल्प २३,१३६ कोटींचा होता, तो ३७ हजार कोटींवर गेला. वरचे पैसे कुणाचे? माझेही आहेत. मला झाडं नकोत असं नाही, आमच्या चाळीसमोरच्या पिंपळाला मी स्वतः पाणी घालतो (पिंपळाला पाणी लागत नाही हे बायको रोज सांगते, ते वेगळं). पण तुम्ही आंदोलन करायचं, उशीर व्हायचा, आणि नंतर गार गाडीत तुम्हीच बसायचं, हे जरा टोचतं.

गोरेगावकरीण

@कल्याणचा_चाकरमानी, टोचू दे, मलाही टोचतं. दोनच गोष्टी. खर्च वाढला त्यात भुयाराचं काम, जागा आणि करोनाही आहे, सगळं बिल आमच्या नावावर फाडू नका. आणि रुळांवरच्या मृत्यूंसाठी साखळी झाली नाही हे मात्र खरंय. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

रोखठोक

सगळे पर्यावरणवादी स्वतः झाडं तोडून बांधलेल्या टॉवरमध्ये राहतात. गोरेगाव काय आभाळातून पडलं होतं का? ढोंगी लोक!! बाहेरचा पैसा

शेवंती

@रोखठोक, वाक्य पूर्ण करा की. “बाहेरचा पैसा” पुढे काय? मी त्या आंदोलनात वडापाव वाटायचे, तोही वर्गणीतून. हिशोब वहीत आहे, दाखवू?

रोखठोक

वडापावचा हिशोब कोण मागतंय

शेवंती

आत्ता तुम्हीच मागितलात.

व्यवस्थापक

पुढचे सात प्रतिसाद उडवले आहेत. धाग्याचा विषय आरे. वडापाव नाही.

पाड्यावरचा

मी आरेतल्याच एका पाड्यावर राहतो. २७ पाडे आहेत, नीट लिहायला सुरुवात केली तर नावांनीच पान भरेल. केलटीपाडा, खांबाचा पाडा, मोराचा पाडा, चाफ्याचा पाडा… कारशेड झाली ती प्रजापूरपाड्याच्या बाजूला. तिथली घरं उठली, माणसं बिल्डिंगीत गेली. आता वरच्या मजल्यावर राहतात. कोंबड्या कुठे ठेवणार?

ताई, तुम्ही चांगलं लिहिलंय पण एक सांगतो. तुम्ही लोक म्हणता जंगल वाचवा. आम्ही पण म्हणतो. पण तुमच्या फलकावर बिबट्या असतो, झाड असतं, आमचं माणूस नसतं. असलं तर वारली चित्रातलं, काडीचं. आम्ही गोठे यायच्या आधीपासून इथे आहोत. वाघोबाला नारळ देतो, बिबट्या रोज दिसतो, त्याच्या वाटेनं आम्ही अंधारात जात नाही. हे कुणी विचारत नाही. पावसाच्या सुरुवातीला आई शेवळं, नंतर करटोली, टाकळा घेऊन गोरेगाव स्टेशनला बसते. तुमच्यापैकी कुणीतरी तिच्याशी वीस रुपयांसाठी घासाघीस केली असेल. करत नाही म्हणू नका.

दुसरी जागा मिळेल म्हणतात सगळे. झाडाला पण म्हणाले होते. मशीननं उचलून दुसरीकडे लावलेली झाडं मी बघितली. दोन पावसाळे उभी होती, नुसती उभी. नंतर सरपणाला पण नीट चालली नाहीत.

गोरेगावकरीण

@पाड्यावरचा, घासाघीस केली आहे. शेवळांसाठीच. आता जून आला की आठवेल.

अर्जदार

मूळ प्रश्नावर येतो, कारण “कुठे हरलो” हा या धाग्यातला खरा प्रश्न आहे.

४ ऑक्टोबर २०१९ ला तुम्ही हरला नाहीत. त्या रात्री फक्त दिसलं. जमिनीचं काम २०१७ मध्येच झालं होतं. विकास आराखड्यात ती जागा ना-विकास क्षेत्रात होती. त्यात बदल करून कारडेपोसाठी आरक्षण टाकलं गेलं. त्याच्याही आधी, डिसेंबर २०१६ मध्ये, राष्ट्रीय उद्यानाभोवतीचं पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र जाहीर झालं तेव्हा आरेतले सुमारे १६५ हेक्टर त्यातून वगळले होते. राजपत्रात छापून. किती जणांनी वाचलं? मी पण नाही वाचलं, नंतर वाचलं. जमिनीचा रंग नकाशावर बदलतो तेव्हा कुणी रडत नाही. झाडावर आकडा रंगवला की सगळे धावतात, आणि तोपर्यंत न्यायाधीश विचारतात, इतके दिवस कुठे होतात?

दुसरं म्हणजे ‘जंगल’ या शब्दावर झालेली मारामारी. सर्वोच्च न्यायालयानं १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन प्रकरणात सांगितलं की जंगल म्हणजे शब्दकोशातलं जंगल, मालकी कुणाचीही असो. पण सरकारदरबारी आरे म्हणजे दुग्धविकास खात्याची वसाहत, झाडं लावलेली. म्हणून ते जंगल नाही. माणसानं लावलेलं झाड सत्तर वर्षं झाली तरी सरकारच्या दृष्टीनं कुंडीतलंच! बिबट्याला हा फरक कुणी समजावला असेल तर कल्पना नाही.

तिसरं, ते पंधरा दिवस. १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा आपला राज्याचा कायदा आहे, नागरी भागांसाठी. परवानगी मिळाल्यावर पंधरा दिवस झाड तोडता येत नाही. त्या रात्री सगळे तेच ओरडत होते, आदेश आत्ता संकेतस्थळावर आला, पंधरा दिवस कुठे झाले? मेट्रोवाल्यांचं उत्तर तयार होतं: आदेश १३ सप्टेंबरचा, मुदत २८ ला संपली. म्हणजे बघा, वृक्ष प्राधिकरणानं ऑगस्टअखेर २,६४६ झाडांचा प्रस्ताव मंजूर केला (२,१८५ तोडायची, बाकीची हलवायची), त्याच्यावर हजारोंनी हरकती होत्या, आणि शेवटी सगळं येऊन अडलं कशावर, तर कागद कुठल्या तारखेचा धरायचा यावर.

आता जमेची बाजू, कारण गोरेगावकरीणताई फारच खचून लिहितायत. २०२० मध्ये आरेतले ८१२ एकर राखीव वन करण्याची अधिसूचना निघाली. ती या आंदोलनाशिवाय निघाली नसती हे मी पैजेवर सांगतो. फक्त सावध राहा, ती वन कायद्याच्या कलम ४ खालची आहे. कलम ४ म्हणजे सरकारचा इरादा. हक्क, दावे तपासून कलम २० ची अधिसूचना निघाली की मग पक्कं वन. साखरपुडा आणि लग्न, एवढा फरक. आणि हक्क तपासायचे त्यात @पाड्यावरचा यांच्यासारख्यांचेही आले, ते आधी लागायला हवेत. नाहीतर वन होईल आणि माणसं अतिक्रमण ठरतील.

आणखी एक. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ८४ झाडांसाठी अर्ज करायची मुभा दिली होती. अर्ज गेला जास्त झाडांसाठी. एप्रिल २०२३ मध्ये कोर्टानं मेट्रो कंपनीला त्याबद्दल १० लाखांचा दंड केला. १७७ झाडांची परवानगी मात्र दिली. आता याला विजय म्हणायचं की पराभव, ज्याचं त्यानं ठरवावं. माझ्या मते कुणीतरी मोजत होतं, म्हणून दंड झाला.

टेकडीकर

पुण्याहून. अर्जदार म्हणतात ते रंग बदलण्याचं आमच्याकडे उलटं आहे. रेघ जुनी आहे, कधीच पुसली जात नाही. बालभारती ते पौड फाटा रस्ता, दोन किलोमीटरच्या आसपास, वेताळ टेकडीच्या अंगावरून. आमच्या तीर्थरूपांनी त्याविरुद्ध सह्या गोळा केल्या होत्या, आता मी करतो. मुलगी आठवीत आहे, तिची तयारी चालू आहे. मध्ये त्यात बोगद्यांची भर पडली.

१५ एप्रिल २०२३ ला वेताळबाबा चौकातून मोर्चा निघाला तेव्हा मी पाठीमागे होतो. हजारोंनी लोक. पुण्यात भर उन्हात इतकी माणसं एरवी फक्त गणपतीला आणि लग्नाच्या पंगतीला जमतात. पण मला खरी ताकद मोर्चात नाही वाटत. आमच्याकडे एक काका आहेत, रोज पहाटे पाच लिटरचा कॅन घेऊन चढतात, वर लावलेल्या रोपांना एकेक तांब्या घालतात आणि रिकामा कॅन हलवत उतरतात. असे शंभरएक तरी असतील. टेकडीवर रोज जाणारा माणूस हीच टेकडीची नोंदवही. एखादी खुणेची खुंटी नवीन ठोकलेली दिसली की दहा मिनिटांत सगळ्यांना कळतं. आरेत रोज चालायला जाणारे किती होते, ताई?

गोरेगावकरीण

@टेकडीकर, वर्मावर बोट ठेवलंत. चालायला जाणारे होते, पण मुख्य रस्त्यानं. झोपडीवजा टपरीवर चहा, दोन फोटो, परत. आत, प्रजापूरपाड्याच्या बाजूला, मी स्वतः २०१५ पर्यंत एकदाही गेले नव्हते.

बर्लिनकर

इथली गोष्ट थोडक्यात. टेम्पेलहोफ नावाचा विमानतळ २००८ मध्ये बंद झाला, २०१० मध्ये ते मैदान लोकांना खुलं झालं. तीनशे हेक्टरांच्या वर सपाट गवत, शहराच्या पोटात. कडेनं घरं बांधायचा बेत आला तेव्हा लोकांनी सह्या जमवून सार्वमत घ्यायला लावलं. २५ मे २०१४ ला ६४ टक्क्यांनी सांगितलं, काहीच बांधायचं नाही. त्याचा कायदा झाला. मी रविवारी धावपट्टीवर पोराला सायकल शिकवतो.

पण चाकरमानी साहेबांसाठी हेही सांगतो: इथे घरभाडी गगनाला भिडलीत, आणि “तिथे घरं बांधली असती तर” हा वाद दर निवडणुकीत उकरून निघतो. मतदान झालं म्हणून मिटत नाही.

कल्याणचा_चाकरमानी

बघा, तिकडे निदान विचारतात तरी. आम्हाला कुणी विचारलं नाही, झाडं हवीत की मेट्रो म्हणून. मी दोन्ही म्हणालो असतो. अर्जदार, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. त्या १६५ हेक्टरांचं मला ठाऊक नव्हतं. मी कारशेडला ३३ हेक्टर गेले एवढंच धरून चाललो होतो. बाकीचे कशाला वगळले?

अर्जदार

हाच प्रश्न तुम्ही २०१६ मध्ये विचारायला हवा होतात. मी पण. आणि आता गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता चालू आहे, त्याचे ४.७ किलोमीटरचे जुळे बोगदे राष्ट्रीय उद्यानाच्या खालून जाणार, तोंडाशी चित्रनगरीच्या बाजूची झाडं. नाशिकला कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी तपोवनातल्या झाडांवर खुणा झाल्यात. तिथले लोक निदान हरकतीच्या मुदतीत जागे झाले, गर्दी करून सुनावणीला गेले. हे शिकण्यासारखं आहे.

शेवंती

मोठ्या गोष्टी चालल्यात, त्यात माझी छोटी. आमच्या गल्लीत रस्तारुंदीसाठी नऊ झाडांवर नोटिसा लागल्यात. एक सोनमोहर, दोन गुलमोहर, एक जांभूळ, बाकी रेन ट्री. जांभळाच्या खोडावर पिवळ्या रंगात ४ आकडा आहे आणि नोटीस खिळ्यानं ठोकलीय. खिळ्याखालून डिंक आलाय, त्यात दोन मुंग्या चिकटल्यात. नोटिशीवर तारीख गेल्या परवाची. काय करू? सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात पार्किंगला जागा होईल, गप्प बसा.

अर्जदार

परवाची म्हणजे पाच दिवस हातात आहेत. सात दिवसांत हरकत द्यावी लागते. आजच करा:

नोटिशीचा फोटो काढा, तारीख दिसेल असा, आणि झाड पूर्ण दिसेल असा वेगळा. प्रत्येक झाडाचा बुंधा छातीच्या उंचीला मोजा, शिंप्याची टेप चालते. जांभळाचं वय विचारा, गल्लीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष धरतात, आणि तोडायचं झालं तर झाडाचं जितकं वय तितकी रोपं लावावी लागतात. त्यामुळे वय किती लिहिलंय हे तुम्ही तपासायचंच. अर्जात भावना लिहू नका. “पक्षी कुठे जातील” नको. रस्ता रुंद करायला नऊच्या नऊ झाडं खरंच आड येतात का, पदपथ वळवता येईल का, आखणीचा नकाशा दाखवा, एवढं विचारा. वैयक्तिक सुनावणी मागा. दोन प्रती न्या.

शेवंती

समोरच्या आजोबांना विचारलं. जांभूळ त्यांच्या मुंजीच्या वर्षी लावलेलं, म्हणे. आजोबा ८१. नोटिशीत वय लिहिलंय ३०.

अर्जदार

आजोबांचं लेखी घ्या. सहीसकट. जन्मदाखल्याची प्रत जोडा.

कल्याणचा_चाकरमानी

मुंजीचा फोटो असेल तर तोही. आमच्याकडे सगळ्यांच्या मुंजीचे फोटो अंगणात काढलेत, मागे झाड हटकून येतं.

शेवंती

आहे!! आजोबा बटू, हातात दंड, आणि मागे काठीला बांधलेलं रोप. जांभूळच आहे की नाही ते ओळखू येत नाही पण जागा तीच, मागचा जिना अजून तसाच आहे.

पाड्यावरचा

फोटो मोठा करून टाका. पानावरून सांगतो.

पाड्यावरचा

जांभूळच. पानं समोरासमोर आहेत, टोकाला निमुळती.

गोरेगावकरीण

@शेवंती, उद्या सकाळी मी तुझ्याबरोबर येते. अर्धी रजा टाकलीय. मेट्रो एक दिवस माझ्याशिवाय जाईल.

शेवंती

जाऊन आलो. खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, असा अर्ज इथे घेत नाहीत, वर जा. वर म्हणाले, खाली. तिसऱ्या फेरीला ताईंनी खुर्ची ओढली आणि बसल्याच. मग घेतला. पोच मिळालीय, पण शिक्का उलटा पडलाय. चालेल ना?

अर्जदार

तारीख वाचता येतेय?

शेवंती

हो.

अर्जदार

चालेल. झेरॉक्स काढून मूळ कागद वेगळा ठेवा. आणि परत गेलात तर त्या झाडाचा खिळा काढायला सांगा, तो ठोकायला कुणी परवानगी दिली तेही विचारा.